शून्य टक्के व्याजाला भुलू नका, घाबरूही नका



दशलक्षण पर्व आटोपलं की दिवाळीपर्यंत मोबाईलला उसंत नसते. "तुमचं कार्ड मंजूर झालं आहे", "पहिले तीन महिने शून्य टक्के व्याज", "नो कॉस्ट ईएमआय, आजच घ्या". मंडळात चारजणी बसल्या आणि हा विषय निघाला की हमखास दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "अगं, व्याजच नाही तर घ्यायला काय हरकत आहे? फुकटचे पैसे आहेत." दुसरा तट म्हणतो, "आमच्या घरात कार्ड चालत नाही. ह्यांना आवडत नाही. कार्ड म्हणजे कर्ज आणि कर्ज म्हणजे घराला वाळवी."

मला आज या दोन्ही तटांशी भांडायचं आहे. फुकट म्हणणारीने कागद वाचलेला नसतो आणि नको म्हणणारीनेही वाचलेला नसतो. एकीने निर्णय जाहिरातीवर सोडलाय, दुसरीने घरातल्या पुरुषांवर. माझं म्हणणं थोडक्यात सांगते. शून्य व्याजाची सवलत त्याच बाईच्या उपयोगाची, जिच्याकडे त्या वस्तूचे पूर्ण पैसे आजच बाजूला ठेवलेले आहेत. जिच्याकडे ते नाहीत, तिच्यासाठी त्या शून्याच्या मागे बाजारातल्या अतिशय महाग कर्जांपैकी एक उभं आहे. आपण या दोघींपैकी कोण, हे जाहिरात सांगणार नाही आणि "ह्यांना" विचारूनही कळणार नाही. त्यासाठी हिशेब स्वतःला यायला हवा. तेव्हा आधी हिशेबच करू.

पन्नास दिवसांचं शून्य

क्रेडिट कार्डावर खरेदी केली की बिल भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत व्याज लागत नाही. हे शून्य खरं आहे. समजा, तुमचं बिल दर महिन्याच्या ५ तारखेला तयार होतं आणि भरायची शेवटची तारीख २५ आहे. ६ ऑगस्टला मिक्सर घेतलात, तर तो ५ सप्टेंबरच्या बिलात येईल आणि पैसे २५ सप्टेंबरपर्यंत भरायचे. पन्नास दिवस मिळाले. तोच मिक्सर ४ सप्टेंबरला घेतलात, तर मिळतील फक्त एकवीस दिवस. म्हणून मोठी खरेदी बिलाची तारीख उलटल्यावर करायची. यात काही लबाडी नाही. नियमच तसा आहे.

पण या शून्याला एक अट आहे. मागचं बिल शेवटच्या पैशापर्यंत भरलेलं पाहिजे. बिलावर दोन आकडे छापलेले असतात, एक पूर्ण रकमेचा आणि एक "मिनिमम ड्यू"चा. हा दुसरा आकडा फार गोड असतो. बिल वीस हजारांचं आणि मिनिमम हजाराचा. बाईला वाटतं, हजार भरले, या महिन्याचं मिटलं. मिटत काही नाही. बहुतेक कार्डांचा व्याजदर महिन्याला तीन ते पावणेचार टक्के असतो. साडेतीन धरला तर वर्षाला बेचाळीस टक्के झाले. व्याजावर अठरा टक्के जीएसटी वेगळा. उरलेल्या एकोणीस हजारांवर महिन्याचं व्याज होतं ६६५ रुपये, त्यावर जीएसटी १२० रुपये. पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा हजार भरलेत, तर त्यातले पावणेआठशेच्या वर यातच गेले. मुद्दल कमी झालं जेमतेम दोनशेने. शिवाय, एकदा बाकी राहिली की नवीन खरेदीवरची पन्नास दिवसांची सवलतही जाते. त्या महिन्यात आणलेल्या किराण्यावरसुद्धा खरेदीच्या दिवसापासून व्याज चालू होतं.

फक्त मिनिमम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल आणि व्याजावर व्याज चढेल, हा इशारा प्रत्येक बिलावर छापायला रिझर्व्ह बँकेने बँकांना भाग पाडलेलं आहे. तो छापलेला असतोच. आपण वाचत नाही.

आणि कार्डाने एटीएममधून रोख काढलीत, तर एका दिवसाचीही सवलत नाही. काढल्या दिवसापासून व्याज, वर रोख काढायची वेगळी फी. ते यंत्र आपल्या डेबिट कार्डासाठी आहे, एवढं लक्षात ठेवा.

हप्त्यांचं शून्य

दुसरं शून्य "नो कॉस्ट ईएमआय"चं. आपल्याकडे जास्त घरं यातच अडकतात.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, व्याज कुठेतरी लपवलेलं असतं. मग हे नो कॉस्ट येतं कुठून? तीस हजारांचं वॉशिंग मशीन सहा हप्त्यांत, महिना पाच हजार, असं धरा. बँक पंधरा टक्क्यांनी व्याज लावते आहे असं समजू. सहा महिन्यांत ते साधारण १,२७० रुपये होतं. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट देते, म्हणून बँकेच्या खात्यात मुद्दल २८,७३० आणि व्याज १,२७० दिसतं. बेरीज तीस हजार. इथवर तुमचं नुकसान नाही.

पण त्या १,२७० रुपयांच्या व्याजावरचा अठरा टक्के जीएसटी तुम्हालाच भरायचा असतो. ते झाले २२९ रुपये. बँकेची प्रोसेसिंग फी १९९ धरली, तर तिच्या जीएसटीसह आणखी २३५. म्हणजे शून्याची किंमत ४६४ रुपये. आता दुकानदाराला विचारा, "आत्ता सगळे पैसे दिले तर किती लावाल?" तो हजार रुपये कमी करायला तयार झाला, तर तुमच्या शून्याची खरी किंमत १,४६४ रुपये झाली. एकोणतीस हजारांच्या वस्तूवर सहा महिन्यांच्या हप्त्यांत एवढं जास्त देणं म्हणजे वर्षाला सतरा टक्क्यांचं कर्ज. नाव मात्र नो कॉस्ट.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये क्रेडिट कार्डांचे नियम एकत्र करून दिले आणि ते त्याच वर्षी १ जुलैपासून लागू केले. त्यात साफ लिहिलंय की खरेदीचे हप्ते करण्याआधी मुद्दल किती, व्याज किती आणि नो कॉस्ट करण्यासाठी दिलेली सूट किती, हे ग्राहकाला वेगवेगळं दाखवलं पाहिजे. बिलातही वेगळं दाखवलं पाहिजे. व्याज असलेला हप्ता बिनव्याजी म्हणून खपवायचा नाही. मैत्रिणींनो, हा आपला हक्क आहे. दुकानातल्या मुलाने मशीनवर बटण दाबण्याआधी तीन आकडे मागा: मुद्दल, व्याज, सूट. चौथा आकडा फीचा. तो देता येत नसेल तर "मग राहू दे" म्हणायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

आणखी दोन गोष्टी. तीस हजारांचे हप्ते केलेत की कार्डाच्या लिमिटमधले तीस हजार अडकतात आणि हप्ते फिटतील तसतसे मोकळे होतात. घरात दवाखान्याचं अचानक निघालं तर ते लिमिट हाताशी नसतं. आणि वस्तू परत केलीत तरी प्रोसेसिंग फी बहुधा परत येत नाही. हप्ते थांबल्याचंही स्वतः तपासावं लागतं.

नव्या कार्डाचं शून्य

तिसरं शून्य नव्या कार्डाबरोबर येतं. जुन्या कार्डाची बाकी आमच्या कार्डावर आणा, पहिले साठ दिवस व्याज नाही. ऐकायला छान. पण बाकी हलवायची फी असते. ती दोन टक्के धरा. साठ दिवसांना दोन टक्के म्हणजे वर्षाच्या हिशेबाने बारा टक्के. बेचाळीसपेक्षा बारा बरे, हे मी मान्य करते. जिच्या डोक्यावर खरंच बाकी आहे आणि पुढच्या दोन महिन्यांत कुठून तरी ठरलेले पैसे येणार आहेत, तिने हा मार्ग जरूर घ्यावा. पण एकसष्टाव्या दिवशी दर पुन्हा नेहमीचा होतो. पैसे कुठून येणार हे ठरलेलं नसताना बाकी हलवली, तर कर्ज फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलं, आणि जाताना फी देऊन गेलं.

ज्यांच्या मुली किंवा सुना अमेरिकेत आहेत, त्यांनी पुढचा भाग त्यांना पाठवा, कारण हे पहिल्या महिन्यांचं शून्य तिकडे फार मोठं असतं. नव्या कार्डावर बारा, पंधरा, एकवीस महिन्यांपर्यंत शून्य व्याज मिळतं. तिथल्या २००९ च्या कायद्याने अशी सुरुवातीची सवलत किमान सहा महिने तरी चालावी लागते. बाकी हलवायची फी साधारण तीन ते पाच टक्के असते. तिथली खरी अडचण दुकानांच्या स्वतःच्या कार्डांची आहे. त्यावर "नो इंटरेस्ट, इफ पेड इन फुल" असं लिहिलेलं असतं. त्यातल्या "इफ"कडे बघायचं. मुदत संपेपर्यंत थोडीशीही बाकी राहिली, तर खरेदीच्या पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम लावतात. नवीन घर मांडताना पलंग, सोफा, टीव्ही एकाच दुकानातून घेणाऱ्या मुलींना हे कोणीतरी सांगायला हवं.

फुकट म्हणणारींना

आता तटांकडे वळते. फुकट म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या दुकानं आहेत. धान्याची, कापडाची, भांड्यांची. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघत मोठ्या झालेल्या मुली आपल्यात आहेत. रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा, हे आपण शाळेत जायच्या आधी ऐकलंय. गल्ल्यावर बसलेले सासरे गिऱ्हाईकाला तीन महिन्यांची उधारी देताना ते पैसे भावात धरतात की नाही? मग तेच गणित मोबाईलवरच्या दुकानदाराला येत नसेल, असं आपण कसं मानतो?

बँकेला आपली दया आलेली नाही आणि मी तिला दोषही देत नाही. तो तिचा धंदा आहे. शून्याची ऑफर देताना तिने धरलेलं असतं की यातल्या काही जणी तारीख चुकवतील, काही जणी मिनिममवर थांबतील. वेळेवर फेडणारीचे पन्नास दिवस बऱ्याच अंशी त्यांच्याच व्याजातून निघतात. त्या चुकणाऱ्यांत आपण नसू, असं प्रत्येकीला वाटतं. भिशीचा हप्ता आपण चुकवत नाही, कारण अकराजणी बघत असतात. कार्डाचा हप्ता चुकला तर कोणालाच दिसत नाही. नवऱ्यालाही नाही. म्हणून तो चुकतो, आणि मग लपवला जातो.

आणि जिंकलात तर मिळतं किती? तीस हजार पन्नास दिवस बचत खात्यात तीन टक्क्यांनी पडून राहिले, तर व्याज येतं १२३ रुपये. तेच तीस हजार एक महिना कार्डावर थकले, तर व्याज आणि जीएसटी मिळून जातात १,२३९ रुपये. बरोबर दहापट. म्हणजे दहा वेळा शहाणपणाने वागून मिळवलेलं एका विसराळू महिन्यात जातं. मी हे भीती घालायला सांगत नाही. पण "फुकट" हा शब्द वापरताना हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघा.

व्याज जास्तच झालं तर कोर्ट बघून घेईल, या समजुतीतही राहू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त व्याज घ्यायचं नाही, असा निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला.

नको म्हणणारींना

आता "आमच्या घरात कार्ड चालत नाही" म्हणणाऱ्या ताई-वहिनींना. मला तुमच्या काटकसरीबद्दल आदर आहे. पण एक विचारते. दुकानाला बँकेची कॅश क्रेडिट आहे ना? शेतीला पीककर्ज आहे ना? गाडी हप्त्यावरच घेतली ना? ते कर्ज नव्हे, ती सोय. बाईच्या नावाचं कार्ड निघालं की मात्र घराला वाळवी लागते. हा न्याय मला मान्य नाही.

बाईच्या नावावर काहीच नसणं, हाही धोका असतो. जिने आयुष्यात स्वतःच्या नावाने रुपयाचं कर्ज घेऊन फेडलं नाही, तिची सिबिलकडे नोंदच नसते. नवऱ्याच्या कार्डावरचं ॲड-ऑन कार्ड म्हणजे आपलं कार्ड नव्हे. मूळ कार्ड बंद झालं की तेही बंद. घरातला कर्ता माणूस अचानक गेल्यावर पंचावन्न वर्षांच्या बाईला पहिल्यांदा बँकेत उभं राहावं लागतं, तेव्हा तिच्याकडे दाखवायला काहीच नसतं. हे आपण सगळ्यांनी आपापल्या नात्यात पाहिलं आहे. त्या दिवसासाठी एक लहान लिमिटचं, स्वतःच्या नावाचं, दर महिन्याला पूर्ण भरलेलं कार्ड असावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पगार नाही म्हणून कार्ड मिळत नाही, ही सबबही आता चालत नाही. बऱ्याच बँका मुदत ठेवीवर कार्ड देतात. ठेव तुमच्या नावाची, तिचं व्याज चालूच राहतं आणि तिच्या ठरावीक टक्क्यांइतकं लिमिट मिळतं. त्यावर महिन्याचं लाइट बिल आणि गॅस एवढंच टाकलं, आणि तारखेआधी पूर्ण भरलं, तरी नोंद तयार होते. यात कुठलं कर्ज आणि कुठली उधळपट्टी?

आणि तिसऱ्या तटाला, जो मंडळात बोलत नाही

एक तिसरी गोष्ट आहे आणि ती बोलली जात नाही. कार्ड बायकोच्या नावाचं, वापर दुकानाचा. पहिले महिने शून्य व्याज म्हणून तिच्या नावावर दोन-तीन कार्डं काढायची. मालाचे पैसे द्यायचे असले की तिला फोन येतो, "एक ओटीपी आलाय बघ, सांग पटकन." ती पोळी लाटता लाटता सहा आकडे सांगते. कशाचे, किती, ती विचारत नाही. कधीकधी तर स्वतःच्याच दुकानाच्या मशीनवर घरातली कार्डं घासून रोख काढली जाते आणि एका कार्डाचं बिल दुसऱ्याने भरत फिरवत राहतात. मशीनची कापणी दर फेरीला दीड-दोन टक्के धरली, तर महिन्याला एक फेरी म्हणजे वर्षाला अठरा ते चोवीस टक्के झाले. शिवाय हे बँकेच्या करारात बसत नाही. कार्डही बंद होतं आणि मशीनही जातं.

धंदा चालला तर कोणाला कळत नाही. धंदा अडकला की वसुलीचे फोन तिच्या मोबाईलवर येतात. कायद्याने देणेकरी ती, थकबाकीची नोंद तिची. मुलाच्या शिक्षणाच्या कर्जाला उद्या सहअर्जदार म्हणून तिची सही लागली, तर नकार तिच्या नावाने येणार. जिने त्यातल्या एका रुपयाची भाजीसुद्धा आणलेली नसते.

ज्या घरात सासूबाईंनी हळदीकुंकवाला वीसची नोट मागितली तरी हिशेब विचारला जातो, त्या घरात सुनेच्या नावावर तीन लाखांचं देणं तिला न विचारता उभं राहतं. याला मी विश्वास म्हणणार नाही. मैत्रिणींनो, ओटीपी म्हणजे सही. कोऱ्या कागदावर सही करत नाही, तर कोऱ्या मनाने ओटीपीही सांगू नका. "किती आणि कशासाठी?" एवढं विचारलंत म्हणून संसार मोडत नाही. नवऱ्याला राग आला तर येऊ दे. रात्रीपर्यंत जातो. थकबाकीची नोंद जायला वर्षं लागतात.

लिमिट कोणाचं?

बँक आपल्याला देते त्याला लिमिट म्हणतात. आपल्याकडेही लिमिट आहे, फक्त नाव परिग्रह-परिमाण. श्रावकाच्या पाच अणुव्रतांतलं शेवटचं. धान्य किती, वस्त्रं किती, सोनं किती, याची रेघ प्रत्येकाने स्वतः आखायची. दोन्ही रेघा दिसायला सारख्या आहेत, पण बँकेची रेघ सांगते तुला किती उधार मिळू शकेल आणि आपली सांगते तुला किती पुरे. बँक तिची रेघ वाढवायला टपलेलीच असते. ती आपल्या स्पष्ट संमतीशिवाय वाढवता येत नाही, हाही रिझर्व्ह बँकेचाच नियम. "तुमचं लिमिट दोन लाख झालं, होय दाबा" असा मेसेज आला तर होय दाबायची सक्ती नाही.

परिग्रहाचा नियम घेऊन चार वर्षं झालेली बाई "हप्त्यावर आहे, पैसे कुठे गेलेत" म्हणून तिसरा मोबाईल घरात आणते, तेव्हा मला हसूही येतं आणि वाईटही वाटतं. हप्त्यावर आणलेली वस्तूही घरातच येते ना! वस्तूची आसक्ती तिच्या पैशांचा पहिला हप्ता जाण्याआधीच जडलेली असते. शून्य व्याजाने पैशांचं दुखणं कमी होतं आणि म्हणूनच नको असलेली वस्तू हवीशी वाटते. त्या ऑफरचं कामच ते आहे.

मग करायचं काय?

मी माझ्या घरात जे नियम पाळते ते सांगते. अवघड एकही नाही.

पैसे आधी, कार्ड नंतर. वस्तूची पूर्ण किंमत आज खात्यात नसेल तर ती वस्तू आज घ्यायची नाही, मग व्याज शून्य असो नाहीतर उणे असो. दवाखाना याला अपवाद, पण फ्रीज नाही.

खरेदी केली त्याच दिवशी तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात हलवायची. ती आता आपली नाही, बिलाची आहे.

रोखीचा भाव आधी विचारायचा, हप्त्याचा नंतर. दोन्ही कागदावर लिहून वजाबाकी करायची.

ऑटो-पे लावायचं तर "पूर्ण रक्कम" निवडायची. बऱ्याच ठिकाणी "मिनिमम" हाही पर्याय असतो आणि घाईत तोच दाबला जातो.

तारीख चुकलीच, तर घाबरून बसायचं नाही. त्याच दिवशी भरायचं. उशीर तीन दिवसांहून जास्त झाल्याशिवाय बँकेला लेट फी लावता येत नाही आणि थकीत म्हणून कळवताही येत नाही. व्याजाच्या बाबतीत मात्र या तीन दिवसांवर विसंबू नका.

कार्ड नको झालं तर बंद करा. बाकी भरलेली असेल, तर अर्ज दिल्यापासून कामाच्या सात दिवसांत बँकेने ते बंद केलं पाहिजे. उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये तिने तुम्हाला द्यायचे. न मागता कार्ड पाठवलं आणि त्यावर पैसे लावले, तर ते परत करून वर दुप्पट दंड द्यायचा. तक्रार लेखी करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं आणि त्याला फी लागत नाही.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. बिल स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाईलवर मागवा. मुलाच्या किंवा ह्यांच्या नको. दर महिन्याला एकदा चष्मा लावून, पेन घेऊन, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. पर्सच्या तळाला तिकिटासारखं पडलेलं ते कार्ड आणि तुमच्या नावाने निघालेली बाकीची कार्डं आज बाहेर काढा. किती आहेत, कोणत्या बँकेची, कोणावर किती बाकी, हे एका कागदावर लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे. त्या कागदावर एकही आकडा असा निघाला की जो तुम्हाला माहीत नव्हता, तर आज रात्रीच्या जेवणाआधी घरात विचारा.

जय जिनेंद्र.